‘चप्पल चावते’ ते मिलिमीटर

कोल्हापुरात चप्पल लाईनीला अर्धा तास नुसतं उभं राहा. गिऱ्हाईक कधीच ‘अंगठा (पायाचा अंगठा अडकतो ती कातडी पट्टी) अमुक मिलिमीटरचा द्या’ म्हणत नाही. ते म्हणतं, “मागची जोडी लई चावत हुती बघा.” या वाक्याचं माप कसं काढायचं, त्याची एक रीत आहे, ‘क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट’ (QFD) नावाची. जपानमध्ये गुणवत्तातज्ज्ञ योजी अकाओ यांनी १९६०च्या दशकात तिची मांडणी सुरू केली आणि १९७२ साली मित्सुबिशीच्या कोबे इथल्या जहाजबांधणी कारखान्यात तिचा तक्ता वापरात आला. जहाजाला चालली ती चपलेलाही चालते.

आधी वही घ्या आणि दहाबारा गिऱ्हाइकांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘चावते’ला ‘आरामदायकतेचा अभाव’ असं लिहू नका. नेमकं कुठं चावते, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. बहुतेक बोटं अंगठ्याच्या कडेवर जातील.

मग प्रत्येक मागणीला १ ते ५ वजन द्या, तेही गिऱ्हाइकालाच विचारून. समजा, ‘चावू नये’ला ५ आणि ‘टिकावी’ला ४ मिळाले. ‘कर्रकर्र वाजावी’ ही मागणी वेगळी ठेवा. नसली तर कुणी तक्रार करत नाही, असली तर गडी खूश. जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ साली गरजांचे असे प्रकार पाडून दाखवले.

आता तक्ता. डावीकडे मागण्या, वर मोजता येतील अशा गोष्टी: अंगठ्याच्या कातड्याची जाडी, तळाची जाडी, तेल मुरवण्याचे तास. ‘मऊपणा’ वर लिहायचा नाही, कारण तो फूटपट्टीत सापडत नाही. प्रत्येक चौकटीत संबंध घट्ट असेल तर ९, मध्यम ३, जेमतेम १. नसेल तर रिकामी. त्या आकड्याला मागणीच्या वजनानं गुणा आणि उभी बेरीज करा. नमुन्यादाखल:

अंगठा: ९×५ + ३×४ = ५७
तळ: १×५ + ९×४ = ४१
तेल: ३×५ + १×४ = १९

म्हणजे हात आधी अंगठ्याला घालायचा. इथं कारागीर हसेल, ‘हे मला ठाऊकच होतं.’ खरं आहे. पण नव्या पोराला आणि ऑर्डर देणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक नसतं, तक्ता त्यांच्यासाठी.

सगळ्यात मोलाचं काम तक्त्याच्या छपरावर, म्हणजे वरच्या रांगेच्या डोक्यावर काढलेल्या त्रिकोणात. तिथं वरच्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात का ते पाहायचं. समजा, वर ‘अंगठा तुटायला लागणारा जोर’ हेही माप घेतलं. अंगठा पातळ केला की मऊ होतो, पण तो जोर घटतो आणि लवकर तुटतो. त्यामुळे जाडी सरसकट न घटवता रापीनं फक्त आतली कड तासा, मधला भाग तसाच ठेवा. तडजोड कुठं करायची हे कागदावरच कळलं, कातडं वाया गेलं नाही.

शेवटी एकच जोडी करा आणि ज्यानं तक्रार केली त्यालाच पंधरा दिवस घालायला द्या. परत आला की बोलण्याआधी त्याच्या पायाचा अंगठा बघा.