इंग्रजी वर्तमानकाळातल्या या चुका टाळा

कर्ता 'ही', 'शी', 'इट' किंवा कुणा एकाचं नाव असेल, तर साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो. हा नियम बहुतेकांना पाठ असतो, तरी 'शी वर्क इन अ बँक' असं सर्रास लिहिलं जातं. लिहिताना लक्ष अर्थाकडे असतं आणि एस निसटतो. म्हणून लिहून झाल्यावर एकदा फक्त क्रियापदं तपासा. प्रत्येकापाशी थांबा, कर्ता शोधा, मगच पुढे जा.

कर्ता लांब असला की जास्त फसगत होते. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह हिअर' चूक, कारण कर्ता 'वन' आहे, 'फ्रेंड्स' नाही. तिथे 'लिव्ह्ज' हवं. 'एव्हरीवन' म्हणजे सगळे असले, तरी क्रियापद एकवचनीच.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे 'ही डझ नॉट वर्क्स'. 'डू'ला ईएस लागूनच 'डझ' झालं आहे. मग मुख्य क्रियापदाला पुन्हा एस कशाला? 'ही डझ नॉट वर्क', 'डझ शी वर्क?' एवढंच बरोबर. 'कॅन', 'मस्ट', 'शुड' यांच्यानंतरही मूळ रूपच येतं: 'ही कॅन स्विम'.

आता स्पेलिंग. शेवटी एसएस, एसएच, सीएच, एक्स किंवा झेड असेल तर ईएस: वॉशेस, वॉचेस, फिक्सेस. 'गो' आणि 'डू' यांनाही ईएसच. वायच्या आधीचं अक्षर बघायला मात्र विसरू नका. 'स्टडी'मध्ये वायच्या आधी डी हे व्यंजन आहे, म्हणून वाय जाऊन आयईएस येतं. 'प्ले'मध्ये आधी ए हा स्वर आहे, म्हणून वाय तसाच राहतो आणि नुसता एस लागतो. 'से'चंही तसंच, फक्त उच्चार 'सेझ' होतो; तो ऐकून स्पेलिंग बदलू नका. 'हॅव'चं 'हॅज' होतं, ते लक्षातच ठेवायचं.

आयएनजी लावताना 'स्टडी'चा वाय ठेवायचा. तो गाळून लिहिलेलं 'स्टडिंग' फार दिसतं. 'राइट'चा शेवटचा ई जातो, पण टी एकच राहतो. 'रन'चा एन मात्र दोनदा येतो.

'आय ॲम ॲग्री' ही खास आपली चूक. 'मी सहमत आहे' मनात असतं, त्यातल्या 'आहे'साठी आपण 'ॲम' घालतो. पण 'ॲग्री' हे स्वतःच क्रियापद आहे, त्यामुळे 'आय ॲग्री' पुरे. तसंच, माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं अशा अर्थांना सहसा आयएनजी लावत नाहीत. 'आय ॲम नोइंग' नाही, 'आय नो'. गाडी असेल तर 'आय हॅव अ कार', पण जेवण चालू असेल तेव्हा 'आय ॲम हॅविंग लंच' अगदी बरोबर आहे.