गोदेच्या पुराची तयारी करताना या चुका टाळा

पावसाळ्यात नाशिककराला पाणी किती चढलं म्हणून विचारा, तो मारुतीच्या अंगावर सांगेल. ‘कमरेला लागलं’, ‘छातीला आलं’, ‘गळ्याशी आहे’. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही आपली मोजपट्टी. लहान पोरालाही ती वाचता येते. तरीही २००८, २०१६ आणि २०१९ साली सराफ बाजारात आणि भांडी बाजारात चिखल उपसावा लागला. पाणी चढतंय हे सगळ्यांना दिसत होतं. कितीला चढलं की कोणी काय उचलायचं, हे मात्र बहुतेक घरांत ठरलेलंच नव्हतं.

पाणी दिसल्यावर धावपळ करणं

मारुती आलेलं पाणी सांगतो. येणारं पाणी शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाच्या विसर्गाच्या, म्हणजे तिथून सोडलेल्या पाण्याच्या आकड्यातून कळतं. हा आकडा क्युसेकमध्ये असतो आणि तो ऐकून पुष्कळ जण मान डोलावून गप्प बसतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर नदीत रिकामे होताहेत असं समजा. विसर्ग सहसा टप्प्याटप्प्याने वाढवतात, म्हणून हाताशी थोडा वेळ असतो. तो फोन करण्यात आणि पुलावर पाणी बघायला जाण्यात घालवू नका.

आमच्या गल्लीत आता तीन पायऱ्या ठरल्या आहेत. विसर्ग वाढणार अशी सूचना आली की गाड्या वरच्या रस्त्याला आणि कागदपत्रं पिशवीत. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की माल माळ्यावर आणि सिलिंडर बांधून ठेवायचे. छातीला लागलं की मेन स्विच बंद करून सगळ्यांनी निघायचं, त्यात वाद नाही. तुमची जागा उंचावर किंवा सखल असेल तर तुमच्या पायऱ्या वेगळ्या असतील. गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा. कितीला पाणी आपल्या उंबऱ्याला लागतं, हे त्यांना नेमकं आठवतं.

आणखी एक. ४ ऑगस्ट २०१९ हा रविवार होता. माझे मामा घरी आणि भांडी बाजारातल्या दुकानाची एकुलती एक चावी त्यांच्या खिशात. ते पोचेपर्यंत रस्ता बंद झाला होता. दुसरी चावी वरच्या आळीतल्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

फक्त गंगापूरच्या आकड्यावर विसंबणं

‘धरणातून फार सोडलेलं नाही, झोपा निवांत’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि त्याची मला खरोखर भीती वाटते. शहरातच जोराचा पाऊस झाला तर नासर्डी आणि वाघाडी या शहरातल्या छोट्या नद्या स्वतःच्या बळावर फुगतात, त्यांना धरणाची गरज नसते. जुन्या गावठाणाखालून सरस्वती नाला गोदावरीकडे जातो. नदी चढलेली असली की नाल्याच्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते उलटं फिरतं आणि दहीपुलाच्या बाजूला चेंबरमधून वर येतं. म्हणजे नदी पात्रात असतानाही दुकानात पाणी शिरू शकतं.

नदीच्या खालच्या अंगाला चांदोरी-सायखेडा या गावांकडे तर दारणा नदीचं पाणीही येऊन मिळतं, आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. तिथल्या लोकांनी गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांचे आकडे एकत्र बघायला हवेत. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकल्या की पाणी आणखी तुंबतं. त्या काढायच्या त्या पाऊस सुरू होण्याआधी.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे आता शंभर वर्षं निश्चिंत

पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे नकाशावर पूररेषांनी दाखवतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही पाळी नव्हे. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के असते, मागच्या वर्षी पूर आला असला तरीही. त्या रेषेत घर घेऊन तीस वर्षं कर्ज फेडणार असाल, तर तेवढ्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेला हेच गणित २६ टक्क्यांवर येतं. आणि या रेषा मागच्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या असतात; पुढचा पाऊस अधिक जोराचा झाला तर हे आकडे अपुरे पडतील. फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाल्कनीतून नदी किती छान दिसते हे नंतर बघा, आधी पूररेषेचा नकाशा मागा.

माणसांना हलवताना जनावरांना विसरणं

गोदाकाठच्या गावात म्हातारी आजी घर सोडत नाही, कारण गोठ्यात गाय बांधलेली आहे. तिला हट्टी म्हणणं अन्याय आहे. ती गाय म्हणजे घराचं उत्पन्न. बांगलादेश हे मोठी किंमत देऊन शिकला. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर गावोगावी भोंगे आणि झेंडे घेऊन फिरणारे स्वयंसेवक उभे राहिले, उंच निवारे बांधले गेले, आणि पुढे कित्येक निवाऱ्यांत गुरांसाठीही जागा ठेवली गेली. एरवी त्याच इमारतींत शाळा भरते. २०२० चं अम्फान वादळही मोठं होतं, पण तिथल्या मृत्यूंची संख्या काही डझनांवर थांबली. आपल्याकडे गुरं कुठल्या उंच शेतात न्यायची आणि कोणाच्या ट्रॅक्टरमधून, एवढं मे महिन्यात ठरलं तरी आजी वेळेवर निघेल.

पाणी ओसरल्यावर

ओल्या मीटरला, फ्रिजला हात लावू नका, वायरमनला बोलवा. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय चिखलात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पाणी उकळून प्या. आणि दुकान धुवायच्या आधी फोटो, व्हिडिओ काढा. मामांनी रात्रभर खपून दुकान स्वच्छ केलं, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाला नुकसान दिसेना.

दिवाळीला रंग काढताना भिंतीवरची पुराची खूण पुसली जाते, तीही पुसू देऊ नका. शटरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, आणि मीटर, इन्व्हर्टर, चोपड्यांचं कपाट त्या रेघेच्या दोन हात वर बसवून घ्या.