फोनसमोर इंग्रजी बोलायला शिकवताना

‘ताई, इंग्रजीसाठी चांगलं ॲप सांगा ना’, हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. कुठलंही नको. परळला चाळीत संध्याकाळी सात-आठ जणींना शिकवते. त्यांच्या फोनमध्ये ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी आधीच जागा संपलेली असते. व्हॉट्सॲप आणि कीबोर्डवरचा माइक, एवढ्यात भागतं.

आधी ऐकणं. लोकलमधली घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. ती रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. ‘पुढील स्टेशन’ कानात बसलेलंच असतं, त्यामुळे ‘नेक्स्ट स्टेशन’चा अर्थ सांगत बसावं लागत नाही. हळू ऐकवायचं तर यूट्यूबवर वेग ०.७५ ठेवा. ०.५ वर माणूस झिंगल्यासारखा बोलतो.

मग रोज वीस सेकंदांची व्हॉइस नोट. ती शिकवणारीला, म्हणजे तुम्हालाच पाठवायची, ग्रुपवर नाही.

आता माइक, म्हणजे बोलून टाइप करणं. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. ‘फोनने बरोबर लिहिलं म्हणजे तुमचा उच्चार बरोबर’, असं मीच छातीठोकपणे सांगत होते. एक जण दवाखान्यात फोन घेते. तिने घरी माइकवर एक ते वीस मोजून दाखवलं, फोनने सगळं अचूक लिहिलं, मीही शाबासकी दिली. दुसऱ्याच आठवड्यात तिने पेशंटला सांगितलं फिफ्टीन नंबर, त्याने ऐकलं फिफ्टी आणि तो निवांत घरी जेवायला गेला.

फोन नुसता आवाज ऐकत नाही, पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त आहे तेही बघतो. चौदानंतर पंधराच येणार. ‘अंधेरी’च्या पुढचं ‘वेस्ट’ तुम्ही कसंही म्हणा, तो पश्चिमेचंच ‘वेस्ट’ लिहील. समोरचा माणूस मात्र त्याच ‘वेस्ट’चा अर्थ बनियन किंवा वाया गेलेलं असाही घेऊ शकतो. आपल्या लिपीत तिन्ही सारखेच दिसतात, हे आणखी एक दुखणं.

म्हणून दोन्ही शब्द चालतील अशीच वाक्यं द्या. ‘टोकन नंबर फिफ्टी’, ‘टोकन नंबर फिफ्टीन’. ‘आय सॉ अ शिप’, ‘आय सॉ अ शीप’. क्रम उलटसुलट करा. पाचपैकी चार वेळा हवं ते उमटलं तरच पुढे. आधी स्वतः बोलून बघा. तुमचंच फोनला कळत नसेल तर ती जोडी सोडून द्या. कुकरच्या शिट्टीत घेतलेली परीक्षा धरू नका. कीबोर्डची भाषा भारतीय इंग्रजी ठेवा, मराठी राहिली तर सगळं देवनागरीत येईल आणि काहीच कळणार नाही.

चुकलं तर ‘नीट बोल’ म्हणू नका, त्याने कुणी नीट बोलत नाही. फिफ्टीनमध्ये ‘टीन’ ओढायला लावा आणि शेवटचा ‘न’ ऐकू येऊ द्या. फिफ्टीत जोर ‘फिफ’वर, ‘टी’ तोकडी. शिपचं शीप होतं ते निष्काळजीपणामुळे नाही. तीळ, मीठ, गरीब म्हणणाऱ्या जिभेला तिथे दीर्घच सुचतं. ‘व’साठी सेल्फी कॅमेरा उघडा: पश्चिमेच्या ‘वेस्ट’ला ओठ शीळ घालताना होतात तसे गोल, दात ओठाला लागायचे नाहीत, बनियनच्या ‘वेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसायला हवेत. पहिल्या दिवशी सगळ्या हसतात. हसू द्या.

व्हॉइस नोट दुरुस्त करताना एका वेळी एकच चूक, आणि तीही बोलून. मी एकदा एका नोटवर अकरा चुका लिहून पाठवल्या होत्या. ती बाई महिनाभर आली नाही.

शेवटी फोन पिशवीत. दोघींना पाठीला पाठ लावून बसवा. एकीने फिफ्टी किंवा फिफ्टीन म्हणायचं, दुसरीने ऐकलेला आकडा तळहातावर पेनाने लिहायचा. मग हात दाखवायचा.