गाडी मागणाऱ्याला चावी देण्याआधी

आखाजीला, लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडे गाडी मागायला कुणी ना कुणी येतोच. त्याच्या हातून अपघात झाला, तर जखमीच्या भरपाईचा दावा आरसी ज्याच्या नावावर त्याच्यावरही येतो. म्हणून चावी देण्याआधी:

१. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख एम-परिवहन ॲपमध्ये टाका. मुदत दिसते; चारचाकीचं आहे की फक्त दुचाकीचं, तेही कळतं. भाचा असो की शालक, हे टाळू नका. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला ५,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा कंपनी जखमीला दिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम लाखांत जाते.

२. विमा संपलेला नाही ना, बघा.

३. कोण, कधी, कुठे नेतोय, हे त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. चालक कोण होता हे पोलिसांनी विचारलं तर मालकाला सांगावंच लागतं.

अठरा वर्षांखालच्या पोराला गावातल्या गावातही गाडी नको. त्यात २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

एक सांभाळा: भाडं घेऊ नका. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही.