‘मा’, ‘बान’, ‘ऑको’: सुरांच्या भाषा शिकायला बसताना

व्हिएतनामी शिकायला घेतली की सुरुवातीलाच ‘मा’चा तक्ता समोर येतो. सपाट सुरात म्हटलं तर भूत, चढवून आई, उतरवून ‘पण’. शिवाय थडगं, घोडा आणि भाताचं रोप. पाठ करा, पण फार मनावर घेऊ नका. घोड्यासाठीचा ‘मा’ चिनीतून आलेला, जोडशब्दांत उरलेला. रोजच्या बोलण्यात घोड्याला वेगळाच शब्द आहे. आईला ‘मा’ म्हणतात तेही दक्षिणेत, उत्तरेला हानोईत ‘मे’. मला ‘बान’ जास्त कामी आला. चढा सूर म्हणजे विकणे, उतरता म्हणजे टेबल, खाली दाबून तोडला की मित्र. बाजारात, खानावळीत हे तिन्ही हरघडी लागतात.

हानोईच्या बोलीत सूर 6. त्यातल्या दोघांत घसा आवळावा लागतो, त्यामुळे आवाज नुसता वरखाली करून भागत नाही. दक्षिणेला सायगॉनकडे दोन सूर एकमेकांत मिसळतात आणि 5 उरतात. म्हणून शिक्षक शोधण्याआधी उत्तर की दक्षिण ते ठरवा. दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकलंत तर कानाचा गोंधळ उडतो.

मराठी माणसाची एक खोड मात्र उशिरा सुटते. ‘आलास?’ हा प्रश्न आपण नुसता शेवट उचलून विचारतो. तिथे शेवट उचलला तर शब्दच बदलू शकतो. होय-नाहीच्या प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘खोंग’ लावायचा आणि तोही त्याच्या मूळ सपाट सुरातच ठेवायचा.

नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडची योरुबा मी नंतर घेतली. तिथे पातळ्या 3: खालची, मधली, वरची. शिकवताना त्यांना दो, रे, मी म्हणतात. गाणं शिकलेल्यांनी हुरळून जाऊ नये. पट्टी ठरलेली नसते, शेजारच्या अक्षरापेक्षा वर की खाली एवढंच बघायचं. ‘ऑको’ दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली तर नवरा, शेवटचं चढवलं तर कुदळ, शेवटचं उतरवलं तर वाहन, दोन्ही उतरवली तर भाला. ‘इग्बा’ म्हणजे 200, भोपळ्याचं भांडं किंवा वेळ, आणि त्यात ग व ब एकाच दमात फुटायला हवेत. दुंदुन नावाचा ढोल दोऱ्या आवळून हेच चढउतार वाजवतो, आणि जाणकारांना त्यातून ठरावीक म्हणी ओळखू येतात.

व्हिएतनामी छापील मजकुरात सुरांच्या खुणा असतातच. योरुबात लोक त्या बऱ्याचदा गाळतात. आपल्या वहीत त्या आपणच घालायच्या. आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेवू नका, मी इथे लिहिले तसे तर नकोच. सूर नेमका तिथेच गळतो. शब्दही सुटे घोकू नका, छोट्या वाक्यात घ्या. योरुबात ‘ओ वा’मधला ‘वा’ वर नेला तर ‘तो आला’, खाली नेला तर ‘तो आहे’. अशा जोड्या मूळ भाषकाकडून रेकॉर्ड करून घ्या, उलटसुलट क्रमानं ऐका आणि कोणती कोणती ते न चुकता ओळखता येईपर्यंत पुढचा धडा उघडू नका.