जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण असा घालवला
शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसला की ओळखायचं, पिठ्या ढेकूण आलाय. त्याच्या अंगावर मेणाचं आवरण असतं, म्हणून नुसतं पाणी ओघळून जातं. मी आधी जुन्या टूथब्रशने थर खरवडला. मग १ लिटर कोमट पाण्यात २ मिली सौम्य द्रव साबण मिसळून ५ मिली कडुनिंबाचं तेल ढवळलं; साबणाशिवाय तेल वरच तरंगतं. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालूनही (उन्हात पानं करपतात). द्रावण दरवेळी ताजं. अंडी वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारलं.

आणि मुंग्यांकडे जरूर बघा! गोड चिकट स्रावासाठी त्याच या किडीला सांभाळतात. मुंग्यांची खोडावरची वाट बंद केली, तेव्हाच कीड परत यायची थांबली.