खान्देशात घडणारी गूढ गुन्हेमालिका लिहिताना देवधर्माच्या खुणांबाबत या चुका टाळा

भुताखेतांचे गूढ आणि पोलीस तपास यांची सांगड घालणाऱ्या मालिकेत धार्मिक खुणेने प्रेक्षकाच्या मनात भीती जागवावी आणि त्याच वेळी तपास अधिकाऱ्याला दिशा दाखवावी, अशी अपेक्षा असते. कथानक खान्देशात घडत असले तरी बहुतेक संहितांत यातले दुसरे काम राहूनच जाते. लिंबू, काळी बाहुली, विस्कटलेले कुंकू अशा कोणत्याही गावाला चालतील अशा वस्तू प्रेताभोवती मांडल्या जातात, आणि त्या वस्तूंचा घरात एरवी काय उपयोग होतो हे जाणणारा जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचा प्रेक्षक तिथेच मालिका बंद करतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे श्रद्धेची खूण अघोरी म्हणून दाखवणे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी अनेक घरांत उंबरठ्याची पूजा करून, गेलेल्या माणसांचे एकेक नाव घेत कुंकवाचे एकेक बोट उमटवतात आणि पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. तेच लाल ठसे रक्तासारखे दाखवून त्यांवर भेसूर संगीत वाजवले की प्रसंग वाया गेला असे समजावे. उलट, ज्या घराने थोरला मुलगा बेपत्ता असल्याची तक्रार दिली आहे, त्या घराच्या उंबरठ्यावर माहीत असलेल्या पितरांपेक्षा एक बोट जास्त उमटलेले अधिकाऱ्याला दिसले, तर तो मरण पावल्याचे घरात कुणाला तरी ठाऊक आहे हे एकही संवाद न घालता कळते. अशा प्रसंगातली भीती त्या मोजणीतूनच येते. त्यासाठी कॅमेरा उंबरठ्यावर पुरेसा वेळ थांबला पाहिजे, आणि कुंकू ओलसर व बोटाच्या पेराएवढेच दिसले पाहिजे. ओघळणारा लाल रंग तिथे नको.

कानबाई या खान्देशातल्या देवीच्या उत्सवाचेही तसेच आहे. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी अनेक कुटुंबांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात, आणि ते रोट भाऊबंदांमध्येच खातात. वारसाहक्काच्या वादातून झालेल्या खुनात हा रिवाज फार मोलाचा ठरतो, कारण कुणाच्या नावाची मूठ घेतली गेली आणि कुणाला पानावर रोट वाढला गेला नाही, यावरून त्या घराने कुणाला आपले मानले ते उघड होते. डोळे मिटून घुमणारी बाई दाखवण्यापेक्षा हा तपशील कितीतरी जास्त अंगावर येतो, असे माझे मत आहे.

तिथीकडे दुर्लक्ष ही चूक लहान वाटली तरी ती संहितेचा पायाच हलवते. कानबाई बहुतेक ठिकाणी नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. हा श्रावणातला शुद्ध पक्ष असल्याने त्या रात्री अमावस्येचा काळोख दाखवता येत नाही. ढगांनी झाकलेले आभाळ मात्र खुशाल दाखवावे. आखाजीची बारीक कोर सूर्यास्तानंतर काही तासांतच मावळते, म्हणून मध्यरात्रीच्या खुनाला चांदणे देऊ नये. शिवाय वैशाखातल्या उकाड्यात गावातली माणसे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, किंवा अंगणात झोपलेली असतात, त्यामुळे साक्षीदार कुठून आणायचा हा प्रश्नही आपोआप सुटतो.

बाहेरून आणलेली चिन्हे सरळ काढून टाकावीत. उलटा क्रूस सैतानाचा म्हणून सर्रास दाखवतात, पण ख्रिस्ती परंपरेत तो संत पीटर यांच्या हौतात्म्याशी जोडलेला आहे.

सातपुड्याच्या बाबतीत अधिक जबाबदारीने लिहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. भिल्ल आणि पावरा समाजांच्या दैवतांना रक्तपिपासू ठरवणे चुकीचे तर आहेच, पण ते अन्यायाचेही आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातमधील देवमोगरा येथे याहा मोगीच्या यात्रेला नंदुरबारकडूनही भाविक जातात. त्यांच्यासाठी ती माता आहे. डाकीण, म्हणजे चेटकीण, ठरवून बायकांना मारझोड केल्याच्या आणि गावाबाहेर काढल्याच्या घटना याच पट्ट्यात घडलेल्या आहेत, त्यामुळे कथेत भगताने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, कुणा बाईकडे बोट दाखवावे आणि शेवटी ते खरे ठरावे, अशी मांडणी करूच नये. ही मांडणी आधीच लिहून झाली असेल, तर भगताचा आरोप हाच गुन्हा म्हणून तपासात आणावा. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे जाहीर करून तिला त्रास देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि त्याला 6 महिने ते 7 वर्षे कारावासाची तरतूद आहे. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रम संहितेतही, म्हणजे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधील सहाव्या नियमात, अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई आहे. त्यामुळे डाकीण ठरवण्याचा प्रसंग ठेवायचाच असेल, तर फिर्याद त्या बाईची असावी, आणि ती नोंदवून घेणारा अधिकारी मालिकेच्या त्याच भागात दिसावा.